रिंगचा गॅप किती आणि कुठं मोजला, ते कागदावर लिहून मागा

मा. संपादक साहेब,

स. न. वि. वि.

गळीत हंगाम तोंडावर आलाय आणि आमच्याकडं कोल्हापूर भागात सध्या बघाल तिथं गॅरेजसमोर हेड काढलेला एक तरी ट्रक उभा आहे. पावसाळ्यात धंदा थंड असतो त्यामुळं मालक लोक इंजिनचं काम याच दिवसांत काढतात, आणि मग प्रत्येकाला गाडी दिवाळीच्या आत रोडवर पाहिजे असते. या घाईत एक काम असं आहे जे गाडी सुटल्यावर कुणाला दिसत नाही, बिलात पण येत नाही, ते म्हणजे पिस्टन रिंगचा गॅप बसवणं. त्याविषयी लिहितोय. पत्र लांबेल, पण जमलं तर कापू नका, कारण अर्धवट माहितीनंच माझं इंजिन गेलं होतं.

ज्यांचा गाडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. पिस्टनला वरच्या बाजूला खाचा असतात, त्यात बिडाच्या नाहीतर स्टीलच्या बारीक रिंगा बसवतात, डिझेल ट्रकला शक्यतो तीन, वरच्या दोन कॉम्प्रेशनच्या आणि खालची ऑइलची. रिंग अखंड नसते, बांगडी एका ठिकाणी कापावी तशी कापलेली असते. सिलिंडरमध्ये घातल्यावर त्या कापलेल्या दोन टोकांत जी फट राहते तिला आम्ही गॅप म्हणतो. ही फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, नखाच्या जाडीएवढी म्हणा, आणि त्या फटीवर सगळं इंजिन उभं आहे.

आता माझं सांगतो. माझ्याकडं सहा चाकी ट्रक आहे, इंजिन कमिन्सचं सिक्स बीटी, १०२ मिमी बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास, त्या भोकाला पण आम्ही बोअरच म्हणतो), १२० मिमी स्ट्रोक, ५.९ लिटर. तीन वर्षांपूर्वी गाडी ऑइल खायला लागली, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनच्या हवा सोडायच्या नळीतून, बॅक कॉम्प्रेशन मारायला लागली, म्हणजे रिंगांवरून निसटलेला गॅस बाहेर यायला लागला. मी तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला होतो. पुतण्या गाडी चालवतो, त्यानं फोन केला, आप्पा काय करू, मी म्हणलं हायवेला जे गॅरेज आहे तिथं दाखव. गॅरेजचं नाव लिहीत नाही, लिहायची गरज पण नाही, का ते पुढं कळेल. त्यांनी सांगितलं बोअर ठीक आहे, नुसत्या रिंगा आणि बेअरिंग टाकू, हाफ काम करू, चार दिवसांत गाडी देतो. मला पण बरं वाटलं, खर्च वाचतोय, वेळ वाचतोय. मी हो म्हणलं, आणि ती चूक माझी, कारण मी स्वतः या लाइनमध्ये उमेदीची सात वर्षं काढलेली आहेत आणि मला एक प्रश्न विचारायचं सुचलं नाही.

अकरा दिवस गाडी छान चालली. स्टार्टिंग एकदम हलकं, धूर नाही, पुतण्या खूश. बाराव्या दिवशी कोकणातून चिरा भरून साखरप्याकडून आंबा घाट चढत होता, रात्री साडेदहाची वेळ. अर्ध्या घाटात गाडीची पॉवर गेली, मग खणखण आवाज यायला लागला, ब्रीदरमधून तेलाचा फवारा, आणि त्यानं गाडी बाजूला घेईपर्यंत इंजिन जाम होऊन बंद. पोरगं रात्रभर त्या वळणावर दगडं लावून, फांद्या टाकून मागच्या गाड्यांना टॉर्च दाखवत बसलं होतं. पैशाचं नंतर बघू, पण ती रात्र मला अजून आठवते, कारण घाटात भरलेली गाडी वळणावर बंद पडणं म्हणजे काय ते ट्रकवाल्यांना सांगायला नको.

गाडी टोचन करून घरी आणली आणि मी स्वतः चेंबर खोललं, हेड काढलं, पिस्टन बाहेर घेतले. पाच नंबरची वरची रिंग तीन तुकडे झालेली, पिस्टनची रिंगांमधली कड फुटलेली, बोअरला वरपासून खालपर्यंत बोट अडकेल अशा चरा. बाकीच्या रिंगा मी एकेक करून उन्हात धरून बघितल्या. तीन नंबरच्या आणि सहा नंबरच्या रिंगची दोन्ही टोकं आरशासारखी चमकत होती. ज्यानं हे काम केलंय त्याला ही चमक बघितली की पोटात गोळा येतो. टोकं चमकतात म्हणजे ती एकमेकांवर घासलीत, म्हणजे चालू इंजिनमध्ये फट संपलेली आहे. तीन आणि सहा पण जायच्या वाटेवरच होते, पाच नंबर आधी गेला एवढंच.

मी त्या गॅरेजवर गेलो. भांडायला नाही गेलो, मला खरंच समजून घ्यायचं होतं. मिस्त्री पोरगा तिशीचा, हात चांगला आहे त्याचा, तो म्हणाला काका मी गॅप मोजलेला, सगळ्या सिलिंडरचा मोजलेला, वीस थाऊ होता. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.) तो खोटं बोलत नव्हता. मी विचारलं कुठं मोजलास. तो म्हणाला कुठं म्हणजे, रिंग बोअरमध्ये घातली, थोडी आत ढकलली आणि फिलर लावला. (फिलर म्हणजे फट मोजायची, जाडीचे आकडे घातलेली पातळ पानं.) म्हणजे वरच्या बाजूला, वरून इंचभर आत. तिथंच सगळं आहे साहेब.

सिक्स बीटीला वेगळा लायनर, म्हणजे सिलिंडरमध्ये बसवायची बदलता येणारी नळी, नसतो, बोअर ब्लॉकमध्येच असतो. लाख लाख किलोमीटर पळालेल्या इंजिनात हा बोअर सगळीकडं सारखा झिजत नाही. जिथं वरची रिंग येऊन थांबते, जिथं स्फोटाचा दाब आणि उष्णता सगळ्यात जास्त आणि ऑइल सगळ्यात कमी, तिथं तो जास्त झिजतो, आणि खाली जवळपास नवा असल्यासारखाच राहतो. म्हणजे बोअर वर रुंद आणि खाली अरुंद होतो, पाणी प्यायच्या पेल्यासारखा म्हणा. माझा ब्लॉक मी बोअरिंगवाल्याकडं नेला, त्यांनी बोअर गेज लावून दाखवलं, पाच नंबरला वर १०२.१३ आणि खाली १०२.०१. फरक ०.१२ मिमी. पुस्तकात या इंजिनाला टेपर, म्हणजे वरखालचा हा फरक, ०.०७६ मिमीच्या वर चालत नाही, म्हणजे बोअर मशीनवर मोठा करून घ्यायलाच पाहिजे होता, पण ते बाजूला ठेवू. आता हिशेब बघा. बोअरचा व्यास जेवढा वाढतो त्याच्या ३.१४ पट गॅप वाढतो, कारण रिंग घेरावर बसलेली असते, व्यासावर नाही. ०.१२ गुणिले ३.१४ म्हणजे जवळजवळ ०.३८. त्या पोराला वर वीस थाऊ मिळाला, म्हणजे ०.५० मिमी. तीच रिंग पिस्टनबरोबर खाली गेली की ०.५० मधून ०.३८ गेले, राहिले ०.१२. पाच थाऊ पण नाही. आणि ते पण थंड इंजिनमध्ये.

गरम झाल्यावर काय होतं ते पण सांगतो. १०२ मिमीच्या बोअरचा घेर ३२० मिमी. बीड एका डिग्रीला दर मीटरमागं साधारण ११ मायक्रॉन वाढतं. सकाळी ३० डिग्रीला असलेली रिंग घाटात २०० डिग्रीला गेली असं धरा, तर तिची लांबी ०.६० मिमीनं वाढते. बोअर पण गरम होतो, पण त्याच्या मागं पाणी फिरतंय, तो ११० पर्यंत गेला असं धरा, तर त्याचा घेर ०.२८ नं वाढतो. उरलेले ०.३२ मिमी रिंगला कुठंतरी जागा पाहिजे, आणि ती जागा म्हणजे तो गॅप. ०.४० ठेवला असेल तर ०.०८ शिल्लक राहतात, इंजिन सुखात चालतं. माझ्या पाच नंबरला खाली ०.१२ च होते. कुणी म्हणेल खाली तर थंड असतं, पण २४०० आरपीएमला पिस्टन सेकंदाला ४० वेळा वरखाली होतो, तेवढ्यात रिंग थंड व्हायला वेळ कुठला. टोकं टेकली की रिंगला वाढायला जागा राहत नाही, मग ती बोअरच्या भिंतीवर चेपून बसते, ऑइलचा पापुद्रा फाडते, लोखंडावर लोखंड घासतं, आणि शेवटी रिंग तुटते नाहीतर पिस्टन धरतो. हे सगळं गाव ते साखर कारखाना अशा सपाट रस्त्यावर कदाचित महिनोन् महिने झालं नसतं. घाटात लोड आला, उष्णता वाढली आणि उरलीसुरली फट मिटली.

मी १९८६ साली कोल्हापुरात ज्यांच्या हाताखाली काम शिकलो त्यांना सगळे चाचा म्हणायचे. तेव्हा सगळी टाटाचीच इंजिनं, ६९२ आणि ६९७. नावातच माप आहे बघा, ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिमीचा बोअर. १९५४ ला टाटांनी डेमलर-बेंझबरोबर जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली तिथून आलेली ही सगळी घराणी, म्हणून आमचे जुने लोक अजून टाटाला मर्सिडीज म्हणतात. चाचांकडं पुस्तक नव्हतं, वाचता पण येत नव्हतं. त्यांचा हिशेब एकच, बोअरच्या प्रत्येक इंचाला चार थाऊ. ९७ मिमी म्हणजे पावणेचार इंचाच्या थोडं वर, म्हणून पंधरा थाऊ. हाच हिशेब सिक्स बीटीला लावला तर चार इंच बोअरला सोळा थाऊ येतो, म्हणजे ०.४० मिमी, आणि कमिन्सच्या पुस्तकात या इंजिनाच्या वरच्या रिंगला ०.४० ते ०.७० असंच दिलंय. पुस्तक नंतर हातात आल्यावर मी हे ताडून बघितलं तेव्हा चाचांची फार आठवण आली.

चाचा नवा सेट आला की डबा बाजूला फेकायचे. म्हणायचे, "पोरा, डबा काय बोलतोय त्याच्यावर जाऊ नगंस, बोअर काय म्हणतोय ते इचार." आणि रिंग घालताना मला हात धरून खाली न्यायला लावायचे. रिकामा पिस्टन उलटा धरायचा, त्याच्या डोक्यानं रिंग सरळ खाली ढकलायची, म्हणजे ती वाकडी बसत नाही. रिंग जराशी तिरकी राहिली तरी फिलर खोटं बोलतो. जुन्या बोअरला रिंग जिथपर्यंत खाली जाते त्या शेवटच्या जागेवर मोजायचं, कारण तीच सगळ्यात अरुंद जागा. सिक्स बीटीच्या पुस्तकात पण रिंग ८९ मिमी आत नेऊन मोजा असं स्पष्ट दिलेलं आहे, साडेतीन इंच. वरून बोटानं ढकलून इंचभर आत मोजायची सवय आपल्याकडं कुठून आली देव जाणे. मला वाटतं नव्या लायनरच्या कामातून आली असावी, तिथं वर मोजा खाली मोजा सारखंच येतं.

काही लोक तर मुद्दाम तसं करतात, गॅप जास्त असेल तर कॉम्प्रेशन गळेल म्हणून शक्य तितका कमी ठेवतात, आणि गंमत म्हणजे गाडी पहिले काही दिवस खरंच ताकदवान वाटते. माझी पण वाटली होती. माझं स्पष्ट मत आहे की सोळाऐवजी वीस थाऊ ठेवल्यानं ट्रकच्या मालकाला काहीही फरक जाणवत नाही, पण सोळाऐवजी आठ ठेवला तर इंजिन जातं. दोन्ही चुका सारख्या नाहीत. आणि ज्यांनी पंप चढवलाय, म्हणजे डिझेल वाढवून घेतलंय, त्यांनी तर गॅप पुस्तकातल्या खालच्या मापाला चिकटवूच नये, कारण त्यांच्या सिलिंडरमधली उष्णता पुस्तकवाल्यांनी धरलेलीच नाही. पंप चढवून उसाचा ओव्हरलोड ओढणं मला मान्य नाही, पण रोज डोळ्यांसमोर चाललंय ते नाही म्हणून कसं चालेल.

पण म्हणून गॅप कितीही मोठा चालतो असं पण नाही. मध्ये एका ओळखीच्या माणसाच्या गाडीला वीस साइज बोअर केला, म्हणजे अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज, आणि पाच सिलिंडरला ओव्हरसाइज रिंगा आणि एकाला चुकून स्टँडर्ड पडल्या. हिशेब करा, ०.५० गुणिले ३.१४, दीड मिलिमीटरचा जास्तीचा गॅप. पहिल्या दिवसापासून गाडी काळं ऑइल आणि बॅक कॉम्प्रेशन. रिंग घालून एकदा फिलर लावला असता तर बांधायच्या आधी कळलं असतं. कमी गॅप कानशीनं वाढवता येतो, जास्त झालेला कमी करता येत नाही, त्या रिंगेला बाजूलाच ठेवावं लागतं.

कानस कशी मारायची हे पण लिहितो, कारण पोरं इथंच घाई करतात. कानस बारीक दाताची, वाईसमध्ये आडवी पकडायची आणि रिंग तिच्यावर ओढायची, रिंग वाईसमध्ये धरून वरून कानस मारायची नाही. एकच टोक घासायचं, दोन्ही घासली की दोन्ही वाकडी होतात आणि टोकं समोरासमोर सपाट येत नाहीत. आणि घासायची दिशा नेहमी बाहेरून आत. रिंगेच्या बाहेरच्या अंगावर क्रोम नाहीतर दुसरा कडक थर असतो, आतून बाहेर ओढलं की तो थर टोकाशी टवका उडून निघतो, मग तोच टवका पुढं बोअर खातो. दोन-चार हात मारायचे, रिंग पुसायची, परत बोअरमध्ये घालून मोजायचं, परत दोन हात. शेवटी बारीक दगडानं कड मारून घ्यायची. सहा सिलिंडर म्हणजे अठरा रिंगा, मन लावून केलं तर अर्धा दिवस जातो. अर्ध्या दिवसाची मजुरी माणसाला द्यायला नको का? मालक बिलात बेअरिंगची किंमत बघतो, गॅस्केटची बघतो, आणि या अर्ध्या दिवसाचे पैसे मागितले की म्हणतो हे काय, रिंगा तर नवीन आणल्यात ना. मिस्त्री लोक हे काम गाळतात त्यात आम्हा मालकांचा हात आहे, हे मला कबूल करायलाच पाहिजे.

रिंग ज्या सिलिंडरमध्ये मोजली त्याच सिलिंडरमध्ये गेली पाहिजे. सगळे बोअर एकाच दिवशी एकाच मशीनवर केले तरी शंभरावा हिस्सा मागंपुढं होतोच, आणि वर सांगितलं तसं बोअर ०.०५ नं घट्ट राहिला तर गॅप ०.१६ नं कमी होतो. चाचा भिंतीवर सहा खिळे मारून ठेवायचे, प्रत्येक खिळ्याला खडूनं नंबर, आणि त्यावर त्या सिलिंडरच्या तीन रिंगा. कुणी त्या खिळ्यांना हात लावला तर चाचा जेवण सोडून उठायचे.

वरची रिंग, दुसरी रिंग आणि ऑइल रिंग यांची मापं वेगवेगळी असतात हे पण लक्षात घ्या. माझ्या सिक्स बीटीला दुसरीला आणि ऑइल रिंगला ०.२५ ते ०.५५ आहे. आता कित्येक नव्या इंजिनांत उलटं असतं, दुसऱ्या रिंगेचा गॅप वरच्यापेक्षा मोठा ठेवतात, म्हणजे वरून निसटलेला गॅस दोन रिंगांमध्ये अडकून वरच्या रिंगेला उचलत नाही. म्हणून हे माझे आकडे वाचून कुणी कॉमन रेलच्या, म्हणजे नव्या पद्धतीच्या डिझेल इंजिनाच्या, गाडीला लावू नका, ज्या इंजिनाचं काम त्याचंच माप बघा, आता तर मोबाईलवर मिळतं.

बसवतानाच्या दोन गोष्टी पटकन सांगतो. रिंगेवर टॉप लिहिलेलं किंवा खूण असते ती बाजू वर. दुसरी रिंग उलटी पडली तर ती ऑइल खाली खरवडायच्या ऐवजी वर ओढते आणि नव्या इंजिनाला धूर कुठून आला म्हणून माणूस टर्बो बदलत बसतो. ऑइल रिंगेच्या आतल्या स्प्रिंगचा जोड रिंगेच्या गॅपच्या बरोबर विरुद्ध बाजूला. आणि तीन रिंगांची तोंडं एका रेषेत ठेवायची नाहीत, १२० डिग्रीवर वाटून ठेवायची. चालू इंजिनमध्ये रिंगा फिरतात हे खरं आहे, म्हणून काही जण म्हणतात कशाला त्रास, पण बांधताना तरी सरळ बांधा की.

बोअरचं होनिंग, म्हणजे दगडानं आतून बारीक घासणं, करून आणल्यावर डिझेलनं धुऊन पुसायची पद्धत सगळीकडं आहे, ती बंद करा असं मी हात जोडून सांगतो. होनिंगच्या दगडाची पावडर त्या बारीक रेघांत बसलेली असते, डिझेलनं ती नुसती पसरते. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश, आणि मग पांढरं फडकं फिरवून बघायचं, फडकं करडं निघतंय तोवर धुवायचं, आणि लगेच ऑइलचा हात फिरवायचा नाहीतर गंज धरतो. ही पावडर राहिली तर तुम्ही गॅप कितीही मन लावून बसवा, बोअर आणि रिंग दोन्ही झिजत जातात, बोअर ०.१० झिजला की गॅप ०.३१ नं वाढला. एअर फिल्टरचं पण तेच. उसाच्या फडात गाडी न्यायची म्हणजे धुळीतूनच न्यायची, तिथं फाटका फिल्टर घालून गाडी पाठवणारा मालक स्वतःच कानस घेऊन बोअरमध्ये बसलाय असं समजा.

माझ्या इंजिनचं पुढं काय झालं ते सांगतो. सगळे सहा बोअर वीस साइज केले, नवीन पिस्टन, नवीन रिंगा. ब्लॉक दुरुस्त होण्यासारखा होता हे नशीब, पाच नंबरची चर थोडी अजून खोल असती तर तिथं स्लीव घालावा लागला असता. पहिल्या हाफ कामाचे पैसे गेले, दुसऱ्या कामाला त्याच्या तिप्पट लागले, सीझनचे पहिले पाच आठवडे गाडी उभी, हप्ता चालू. गॅप मी स्वतः बसवले, नजर आता पूर्वीसारखी नाही म्हणून फिलरवरचे आकडे पुतण्या वाचत होता आणि मी हातानं ओढ बघत होतो. अठरापैकी सात रिंगांना कानस मारावी लागली. त्या सेटच्या डब्यात गॅप तयार आहे असा कागद होता. डबा खोटा म्हणत नाही मी, त्यांनी बरोबर १०२.५० च्या बोअरला ठेवला असणार, आमचा बोअर शंभराव्या हिश्शात इकडंतिकडं होता. गाडीचा हा चौथा सीझन, ब्रीदरवर हात ठेवला तर अजून हाताला ऑइल लागत नाही.

आणि तो गॅरेजवाला पोरगा, त्याला मी वर मोजलेलं आणि खाली मोजलेलं त्याच्याच समोर जुन्या रिंगेनं त्याच ब्लॉकमध्ये करून दाखवलं. वर वीस थाऊचं पान आरामात गेलं, खाली पाचचं पण अडकलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला काका मी आयटीआय केलंय डिझेलचं, गॅप मोजायला शिकलो पण आम्हाला नवा लायनर दिला होता, झिजलेला बोअर कुणी दाखवलाच नाही. म्हणून मी त्याचं नाव लिहीत नाही. आज त्याच्याकडं भिंतीवर सहा खिळे आहेत, आणि बोअर गेज पण घेतलंय त्यानं.

साहेब, मला आपल्या पेपरमधून दोन मागण्या करायच्या आहेत. एक ट्रकमालकांना. इंजिन बांधायच्या आधी मिस्त्रीकडून एका कागदावर लिहून मागा, सिलिंडर एक ते सहा, प्रत्येकाला वर बोअर किती, खाली बोअर किती, आणि तीन रिंगांचा गॅप किती आणि किती खोलीवर मोजला. वहीचं एक पान लागतं. त्याचे वेगळे पैसे मागितले तर द्या, कुरकुर करू नका. पन्नास गाड्यांचे मालक असतील त्यांनी तर हे नियमच करावं, त्यांनी केलं की बाकीचे आपोआप करतील. दुसरी मागणी आयटीआयवाल्यांना आणि त्यांचं अभ्यासाचं बघणाऱ्यांना, मेकॅनिक डिझेलच्या पोरांना एक झिजलेला ब्लॉक द्या. भंगारवाल्याकडं किलोच्या भावानं मिळतो. त्यात एकच रिंग वर, मध्ये आणि खाली नेऊन मोजायला लावा, तीन आकडे वहीत लिहून घ्या. पोरगं जन्मात विसरणार नाही.

आपल्या पुण्यात १९६२ ला किर्लोस्करांच्या साथीनं कमिन्सची कंपनी उभी राहिली, आता फलटणला केवढा मोठा कारखाना उभा आहे. तिथं आपलीच पोरं मायक्रॉनमध्ये मोजतात. तीच इंजिनं दहा वर्षांनी आपल्याच रोडच्या कडेला उघडतात तेव्हा मात्र बोटानं ढकलून अंदाजानं मोजली जातात, याचं मला वाईट वाटतं. हात तेच आहेत, फक्त कागद आणि वेळ दिला जात नाही.

सध्या पुतण्याच्या मित्राच्या गाडीचं काम आमच्या शेडमध्ये काढलंय, तेही सिक्स बीटी. बोअर करून आलाय, काल साबणानं धुतला, रिंगा खिळ्यांवर लागल्यात. एक, तीन, चार आणि सहा नंबर झाले, पाचला काही लागलं नाही. दोन नंबरची वरची रिंग अजून बारा थाऊ दाखवतेय, पत्र टाकून आलो की तिच्यावर बसायचंय.

कळावे,

आपला नियमित वाचक,
एक ट्रकमालक, जि. कोल्हापूर